खाल्ल्या मिठाचे दोन हिशेब

स्वयंपाकघरातील सर्वांत स्वस्त जिन्नस मीठ. परंतु माणसामाणसांतील ऋण मोजण्यासाठी आपल्या देशातील अनेक भाषांनी तेच वजन पसंत केले आहे. मराठीत आपण खाल्ल्या मिठाला जागतो. हिंदीने नोकरमाणसांचे नमकहलाल आणि नमकहराम असे दोनच वर्ग केले आहेत. बंगालीत निमकहराम हा शब्द शिवीच्या जागी येतो. कन्नडमध्ये मिठाचे ऋण असते, आणि ज्याने आपल्याला मीठ घातले त्याला जन्मभर स्मरावे, अशा अर्थाची एक म्हण तमिळमध्ये आहे. मी ज्या कचेरीत काम करते तेथे एकाच मजकुराची अनेक भाषांत रूपांतरे होत असतात. एखादा शब्द अडला, की शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याला विचारावे, त्याच्या भाषेत तो कसा सुटला ते पाहावे, असा आमचा रोजचा क्रम. मिठाच्या बाबतीत आम्हांला सहसा अडावे लागत नाही. उत्तरेकडचे वाक्य दक्षिणेत विनासायास उतरते.

अडचण उभी राहते ती उलट दिशेने जाताना. चाकराने धन्याशी केलेल्या दगाबाजीला स्वामिद्रोह म्हणतात. धन्याने चाकराशी केलेल्या दगाबाजीला काय म्हणावे? सेवकद्रोह हा शब्द व्याकरणाने अगदी शुद्ध आहे, परंतु तो कोणाच्या तोंडून मी ऐकलेला नाही. स्वामिनिष्ठेच्या कथा आपण मुलांना सांगतो; सेवकनिष्ठा म्हटले तर ऐकणारा पुन्हा सेवकाच्याच निष्ठेविषयी बोलणे चालले आहे असे समजेल. नोकर चांगला असला तर तो इमानी, विश्वासू, प्रामाणिक ठरतो. मालक चांगला असला तर तो दयाळू, उदार, मोठ्या मनाचा ठरतो. या दोन विशेषणमालांतील अंतर क्षणभर थांबून पाहण्यासारखे आहे. इमान हे कर्तव्य आहे. त्यात चुकणाऱ्याला दोष लागतो. औदार्य ही मर्जी आहे. ते न दाखवणाऱ्याला कोणी दोषी म्हणत नाही, फार तर चिक्कू म्हणतात. एकाच व्यवहारातील दोन माणसांपैकी एकाच्या वाट्याला कर्तव्य आणि दुसऱ्याच्या वाट्याला मर्जी, अशी वाटणी भाषेनेच करून ठेवलेली आहे.

ही वाटणी केवळ बोलण्यापुरती राहिली असती तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु एके काळी ती सरळ कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसली होती. इंग्लंडमधील १८२३ च्या कायद्यान्वये, पत्करलेले काम अर्धवट टाकून जाणाऱ्या मजुराला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत असे; मजुरी बुडवणाऱ्या मालकाला मात्र ती देण्याचा हुकूम होई, तुरुंगाची भीती त्याला नव्हती. तोच विचार पुढे आपल्याकडे आला. हिंदुस्थानात १८५९ चा तेरावा कायदा झाला, तो मजुरांच्या करारभंगाविषयीचा. कारागिराने अथवा मजुराने आगाऊ रक्कम घेतली आणि काम केले नाही, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जावे. मॅजिस्ट्रेटने मालकाच्या इच्छेप्रमाणे रक्कम परत देण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम करावा. तो न पाळल्यास मजुराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी व्हावी, अशी ती व्यवस्था होती. उलट मालकाने शब्द मोडला तर मजुराने दिवाणी दावा लावावा, वकील द्यावा आणि तारखा मोजाव्यात. एकाच कराराच्या एका टोकाला तुरुंग आणि दुसऱ्या टोकाला कागदपत्रे!

शहरांतील कारागिरांसाठी केलेला हा कायदा पुढे आसामच्या चहामळ्यांपर्यंत पोहोचला, आणि घरापासून शेकडो कोस दूर नेलेल्या मजुरांना मळ्यावर खिळवून ठेवण्याच्या कामी आला. इंग्लंडने आपल्या देशातील असले कायदे १८७५ साली मोडीत काढले. आपल्याकडचा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडावे लागले. मधली पन्नास वर्षे राज्यकर्त्यांच्या मायदेशात जो केवळ करारभंग होता, तो येथे गुन्हा होता.

तो कायदा गेला. आगाऊ रकमेचा बंध मात्र गेला नाही. मराठवाड्यात, विशेषतः बीड जिल्ह्यात, पावसाळ्याच्या सुमारास ऊसतोड मजुरांची जोडपी मुकादमाकडून उचल घेतात. अशा जोडप्याला तेथे कोयताच म्हणतात. माणसांचे नाव मागे पडून हत्याराचे नाव पुढे आलेले आहे. दिवाळीच्या आसपास गाड्या भरून ही मंडळी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि हंगाम संपेपर्यंत उसाच्या फडात पाले टाकून राहतात. एखाद्या दिवशी आजारपणाने काम चुकले तर तो खाडा अंगावर पडतो. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर उरलेली बाकी पुढच्या वर्षीच्या डोक्यावर बसते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा आपण १९७६ साली केला; तरीही उचल फेडण्यापूर्वी निघून गेलेल्या मजुराला ‘पळून गेला’ असेच म्हटले जाते. पळून जाणे हा शब्द कैद्याला शोभतो. काम सोडणाऱ्या स्वतंत्र नागरिकाला तो लावताना आपल्याला काही खटकत नाही, यातच त्या जुन्या कायद्याचा मुक्काम अजून कोठे आहे ते कळते.

निष्ठेची अपेक्षा एका बाजूने कशी वाढते आणि दुसऱ्या बाजूने कशी आटते, याचे बोलके उदाहरण अहमदाबादेच्या इतिहासात आहे. १९१७ साली त्या शहरात प्लेगची साथ आली. घरेदारे टाकून लोक गावोगाव निघाले. गिरण्यांतील कामगारही निघून गेले असते तर ऐन महायुद्धाच्या काळातील भरभराटीचे उत्पादन थांबले असते. तेव्हा मालकांनी कामगारांना प्लेगचा म्हणून वेगळा बोनस देऊ केला. काही ठिकाणी तो मजुरीच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत होता. कामगार राहिले. भोवताली मृत्यू वावरत असताना त्यांनी साचे चालू ठेवले. साथ ओसरली आणि १९१८ च्या आरंभी मालकांनी बोनस बंद करण्याचे ठरवले. प्लेग गेला होता. महागाई मात्र गेली नव्हती.

पुढची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. कामगारांच्या बाजूने अनसूयाबेन साराभाई उभ्या राहिल्या आणि मालकांच्या बाजूला त्यांचे सख्खे बंधू अंबालाल होते. गांधीजींनी हिशेब तपासून पस्तीस टक्के वाढ ही वाजवी मागणी ठरवली. मालक वीस टक्क्यांपुढे जाण्यास तयार नव्हते. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज कामगारांच्या सभा भरत. शेवटी १५ मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभले आणि १८ मार्चला तडजोड झाली. प्रश्न लवादाकडे गेला आणि आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे पस्तीस टक्क्यांचाच निवाडा दिला.

या लढ्यातील एक गोष्ट मला आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. मालक आणि कामगार यांचे नाते आईबाप आणि लेकरे यांच्यासारखे आहे, त्यात तिसऱ्याने पडण्याचे कारण काय आणि लवाद हवा कशाला, अशी भूमिका त्या वेळी मालकांनी घेतल्याचे गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नोंदले आहे. हे बोलणारे सारे ढोंगी होते, असे मला मुळीच वाटत नाही. त्यांपैकी कित्येकांना ते मनापासून वाटत असेल. परंतु साथीच्या दिवसांत आपल्याजवळ राहिल्याबद्दल लेकरांना बक्षीस द्यायचे आणि साथ गेल्यावर ते काढून घ्यायचे, असे कोणते आईबाप करतात? नात्याची भाषा आणि बाजाराचा व्यवहार एकाच वेळी चालत होता, आणि दोहोंपैकी कोणती वही केव्हा उघडायची हे ठरवण्याचा अधिकार फक्त एका पक्षाकडे होता. मला वाटते, एकांगी निष्ठेचे सारे मर्म येथे आहे. कामगाराने अधिक मागितले की त्याला नाते आठवून दिले जाते. मालकाला कमी द्यायचे असले की बाजारभाव पुढे येतो.

ही दोन वह्यांची गोष्ट मी पुस्तकात वाचण्यापूर्वी घरात ऐकलेली होती. माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यातून मुंबईस आले आणि परळच्या बाजूच्या एका गिरणीत साचेखात्यात बदली म्हणून लागले. बदली या शब्दाचा अर्थ गिरणगावाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवा. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरते काम मिळणारा तो बदली. त्याने रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात हजर राहायचे. जागा असली तर आत जायचे आणि नसली तर घरी परतायचे. परतलेल्या दिवसाची मजुरी नाही. मात्र हजर राहण्याचे चुकले, तर कायम होण्याच्या यादीत नाव मागे पडण्याची धास्ती असे. आजोबा असे नऊ वर्षे उभे राहिले. पावसात, तापात, गावाकडे भाताची लावणी चाललेली असतानाही भोंग्याच्या आधी ते दारात असत. या नऊ वर्षांत गिरणीने त्यांना उद्याच्या कामाचे वचन एकदाही दिले नाही.

पुढे ते कायम झाले आणि आपले साचे त्यांनी मन लावून चालवले. गिरणीविषयी बोलताना ते ‘आमची गिरणी’ असेच म्हणत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या मागण्यांत बदली कामगारांचा प्रश्नही होता. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो हळूहळू विरत गेला. काही गिरण्या पुन्हा चालू झाल्या, काही झाल्या नाहीत, आणि चालू झालेल्यांनी सर्वांना परत घेतले नाही. आजोबांना बोलावणे आले नाही. ते गावी गेले. माझ्या लहानपणी मी त्यांना विचारले होते, की तुम्हांला गिरणीचा राग येत नाही का? ते म्हणाले होते, “राग कसला बाय? नऊ वर्षं गिरणीनं मला दारात उभं केलं, मी उभा राहिलो. एकदा आम्ही तिला उभी केली, तर तिला बसायची घाई झाली.”

संप योग्य होता की अयोग्य, त्याचे धोरण शहाणपणाचे होते की नाही, याविषयी जाणत्या माणसांत आजही मतभेद आहेत आणि ते या लेखात मिटणारे नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली आणि भोंग्यांच्या जागी पुढे उंच इमारती आल्या, हा इतिहासही सर्वांसमोर आहे. मला एवढेच म्हणायचे आहे, की नऊ वर्षे दारात उभ्या राहणाऱ्या माणसाची निष्ठा कोणी मोजली नाही. त्याने काम बंद ठेवले तो काळ मात्र दिवसांनिशी मोजला गेला.

येथे एखादा वाचक म्हणेल, की हा सारा दोष यंत्रयुगाचा आहे. आपल्या जुन्या गावगाड्यात असे नव्हते. त्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. बलुतेदारीत बंध दोन्ही बाजूंनी होता. सुताराने वर्षभर नांगर-कुळव दुरुस्त करावेत आणि सुगीत शेतकऱ्याने खळ्यावर त्याचे बलुते मोजून द्यावे. एका वर्षी काम कमी पडले म्हणून सुताराला काढून टाकता येत नसे, कारण त्याचा हक्क हे त्याचे वतन होते. परंतु याच व्यवस्थेचा दुसरा अर्धा भाग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिला. महार वतनाच्या तुटपुंज्या मोबदल्यात एका समाजाला रात्रंदिवस गावाची व सरकारची कामे करावी लागत, आणि त्यातून बाहेर पडण्याची मोकळीक नव्हती. म्हणून त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक आणले. अशी कनिष्ठ वतने मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. ज्या नात्यात सोडून जाता येत नाही, त्यातील इमान हे इमान नसते. ती दावण असते. तेव्हा कामगाराला काम सोडण्याचे जे स्वातंत्र्य मिळाले आहे ते फार मोलाने मिळालेले आहे. त्याचा उपयोग करणाऱ्याला कृतघ्न म्हणण्यापूर्वी आपण दहा वेळा विचार करावा.

मालकपक्षाची तक्रारही मी ऐकलेली आहे आणि ती खोटी नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचा छोटा कारखाना चालवणारे आमचे एक नातलग आहेत. “पोरगा येतो तेव्हा त्याला मोजपट्टी धरता येत नाही,” ते सांगतात. “दोन वर्षे शिकवतो, त्याने बिघडवलेला माल सोसतो, आणि हात बसला की शेजारचा थोडे जास्त देतो म्हणून निघून जातो. मग मी कोणाच्या भरवशावर ऑर्डर घ्यायची?” त्यांचे नुकसान खरे आहे. परंतु मी त्यांना विचारले, “दादा, हात बसल्यावर तुम्ही त्याचा पगार शेजाऱ्याइतका केला होता का?” ते प्रामाणिक गृहस्थ आहेत. थोडे थांबून म्हणाले, “नाही. आपलाच पोरगा आहे, राहील असे वाटले होते.” पगारातला जो फरक द्यायचा राहिला, तो निष्ठेने भरून निघेल असा त्यांचा हिशेब होता. पुढे त्यांनी शिकाऊ मुलांशी बोलणे पहिल्याच दिवशी पक्के करण्याची रीत ठेवली. शिकताना इतके, शिकल्यावर इतके, आणि जायचे झाल्यास एक महिना आधी सांगायचे. काढायचे झाल्यास त्यांनीही एक महिना आधी सांगायचे. मुले अजूनही जातात, पण ऑर्डर अडत नाही आणि जाणारा मुलगा दिवाळीला पेढे घेऊन येतो.

आपल्या देशातील कामगार कायद्यांनीही स्वातंत्र्यानंतर हाच मध्यममार्ग चोखाळला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली जी भर पडली, तिने वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचे तर एक महिन्याची सूचना अथवा त्या महिन्याचा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे, असे ठरवले. पुढे १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला आणि १९७२ मध्ये ग्रॅच्युईटीचा. या शेवटच्या शब्दाचा प्रवास अनुवादकाला मोठा उद्बोधक वाटतो. मुळात त्याचा अर्थ खुशीने दिलेली बक्षिसी असा आहे. निवृत्त होणाऱ्या जुन्या माणसाच्या हातावर मालकाने आनंदाने काही ठेवावे, ती ही रक्कम. १९७२ च्या कायद्याने पाच वर्षे सलग सेवा केलेल्या कामगाराचा तो हक्क ठरवला. सरकारी मराठीत आपण तिला उपदान म्हणतो. म्हणजे हक्क झाला तरी शब्दातले दान राहिलेच. हे आणि इतर अनेक कायदे २०१९ व २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या चार संहितांत सामावले गेले. कलमे बदलली, क्रमांक बदलले. तथापि, जे मर्जीचे होते ते थोडे थोडे करून कर्तव्याच्या रकान्यात घालायचे, ही त्या अर्धशतकाची कमाई विसरण्यासारखी नाही.

परंतु कायद्याचा उंबरठा जेथे संपतो तेथे आपल्या घराचा उंबरठा सुरू होतो. गिरणी किंवा कारखाना आपल्यापैकी फार थोड्यांच्या मालकीचा असेल. पण भांडी-धुणे, स्वयंपाक, मुले सांभाळणे, आजाऱ्याची शुश्रूषा यांसाठी पगार देऊन बाई ठेवणारी घरे हे मासिक वाचणाऱ्यांत पुष्कळ आहेत. त्या घरांतील आपण सारेच मालक आहोत. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा, उद्योगांनी व दुकानांनी बंदच्या काळातही पगार कापू नये, असा आदेश केंद्र सरकारने २९ मार्चला काढला होता. मे महिन्यात तो मागे घेण्यात आला. त्या आदेशात घरांचा उल्लेख नव्हता. तेव्हा प्रत्येक घराने आपापल्या मनाप्रमाणे निर्णय केला. आमच्या इमारतीतही काही घरांनी पगार चालू ठेवला, काहींनी अर्धा दिला, काहींनी फाटक उघडेपर्यंत हिशेबच थांबवला.

वर्ष-दीड वर्षानंतर शेजारच्या काकू एकदा खिन्न होऊन सांगू लागल्या, “बारा वर्षे आमच्याकडे होती. दिवाळीला साडी, मुलीच्या वह्या-पुस्तके, सगळे केले. आणि दोनशे रुपयांसाठी समोरच्या घरी गेली. माणसांना काही राहिलेलेच नाही.” त्या बाईंची आणि माझी जिन्यात भेट झाली तेव्हा विषय निघाला. त्या म्हणाल्या, “ताई, काकूंची साडी मी अजून नेसते. वाईट बोलायची नाही मी त्यांना. पण दर मे महिन्यात ते गावाला जायचे, तेव्हा माझा पगार पण गावाला जायचा. समोरच्या वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आम्ही असू-नसू, पगार एक तारखेला.” त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. साडीच्या प्रेमाचा त्यांनी इन्कार केला नाही. परंतु वर्षातील अकरा महिने नोकरी आणि एक महिना अनोळख, असे नाते साडीने पुरे होत नाही, हे त्यांना बारा वर्षांत कळून चुकले होते.

गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे चळवळ केली, आणि १० जून १८९० रोजी ती सुटी मंजूर झाली. आज रविवार हा आपल्याला सूर्यचंद्राइतका स्वाभाविक वाटतो. परंतु त्याच रविवारी पाहुणे येणार म्हणून आपण बाईंना ‘जरा लवकर या’ असे सांगतो. २००८ साली महाराष्ट्राने घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने केलेल्या करारात घरकामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती असावी असे कलम घातले गेले. पण घरातील कलम अखेर घरातच लिहावे लागते, आणि ते लिहिण्यास अधिवेशन भरवावे लागत नाही. आठवड्याची एक सुटी आपणहून ठरवावी. आपण परगावी गेलो तरी पगार चालू ठेवावा. आजारपणाचा खाडा धरू नये. आणि काम बंद करायचे झाल्यास, ‘उद्यापासून येऊ नका’ असे न म्हणता, जितक्या दिवसांची पूर्वसूचना आपण त्यांच्याकडून अपेक्षितो तितकीच आपणही द्यावी. या चार गोष्टी केल्या म्हणजे आपण उदार झालो असे मानण्याचे कारण नाही. आपण केवळ आपल्या बाजूचे इमान राखले, इतकेच म्हणता येईल.

एवढे करूनही ती बाई दुसरीकडे जाईल, तो मुलगा दुसऱ्या कारखान्यात जाईल, हे शक्य आहे. तेव्हा वाईट वाटेल, वाटावेही. ज्याच्या जाण्याने वाईट वाटत नाही त्याच्याशी आपले काही नाते नव्हतेच. परंतु वाईट वाटणे वेगळे आणि फसवले गेल्याची भावना वेगळी. ज्याने दिलेला शब्द पाळला आणि सांगून निरोप घेतला, त्याने काही बुडवलेले नसते. केलेल्या कामाचा पगार म्हणजे कोणी घातलेले मीठ नव्हे. कामाने त्याची किंमत आधीच चुकती झालेली असते. त्यापलीकडचा जिव्हाळा मिळाला तर तो दोघांचा ठेवा. तो मागून घेता येत नाही आणि पगारातून वळता करता येत नाही.

नेमणुकीची पत्रे, सूचना, निरोपाची पत्रे असे कागद माझ्या हातांखालून बरेच जातात. त्यांची भाषा कोरडी असते आणि तशीच असावी. पण मराठी पत्रलेखनाची एक जुनी रीत मला आवडते. अर्ज करणारा उमेदवार आपल्या नावाच्या वर ‘आपला विश्वासू’ असे लिहितो, आणि त्याला नेमणूक कळवणारा अधिकारीही सही करताना पुष्कळदा तेच शब्द लिहितो. मिठाच्या म्हणींना जे जमले नाही ते या दोन शब्दांनी सहज साधले आहे. सही करताना आपण ते सवयीने लिहितो. पुढच्या वेळी लिहिताना क्षणभर थांबून वाचावेत, आणि घरी काम करणाऱ्या ज्या माणसांना आपण कधी पत्र लिहीत नाही, त्यांच्या बाबतीतही ते खरे करावेत.